तिसऱ्या पानावरचा परिच्छेद

"चष्मा घरी राहिला. तूच वाच," आत्या म्हणाली. "आणि सावकाश. मी काही तुझ्यासारखी बी.एस्सी. नाही."

पलंगाच्या पायथ्याशी डॉक्टर नाझनीन सहा पानांचा फॉर्म घेऊन उभ्या होत्या. नियमाप्रमाणे तो त्यांनीच वाचून दाखवायचा होता. तेवढ्यात सिस्टरनं दारातून हाक मारली. पलीकडच्या वॉर्डात कुणाचं तरी रक्त घ्यायचं राहिलं होतं. त्या घड्याळाकडे बघायला लागल्या तशी मीच पुढं झाले. "मी वाचून दाखवते ना, डॉक्टर. माझं मायक्रोबायोलॉजी झालंय."

"सगळं वाचाल? शब्दन् शब्द?"

"हो."

"अडेल तिथं खूण करा. मी दहा मिनिटांत आले."

त्या गेल्या. मी स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि वाचायला लागले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण, अनुसया, आणि तीन वर्षांपासून माझी सासू. आमच्यात आत्याच्या घरी भाची देतात. लग्नाआधी मी तिला 'अगं आत्या' म्हणायची. लग्न ठरल्यावर आईनं बजावलं, आता 'अहो'. त्यामुळं चारचौघांत अहो आणि स्वयंपाकघरात अगं, असं आमचं चाललेलं. आष्ट्याला आमचं बांगड्यांचं दुकान. आत्या कासारीण म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. कितीही जाड हाताची बाई येऊ दे, आत्या तिचा अंगठा आत दुमडून, हाडं दाबून, बोलता बोलता सव्वादोनच्या लहान मापाची बांगडी मनगटावर नेऊन ठेवायची. "हात सैल सोड," एवढंच म्हणायची आणि गोष्ट सुरू करायची. गोष्ट संपेपर्यंत डझन भरलेलं असायचं.

त्या वर्षी तिला पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. रक्त सहावर आलं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली, आणि गाठीचा रिपोर्ट आला तो कॅन्सरचा.

ऑपरेशनला ती तयार नव्हती. माझ्या आजीला, म्हणजे तिच्या आईला, असंच काहीतरी झालं होतं. पोट उघडलं, आत बघितलं, परत शिवलं, आणि दोन महिन्यांत आजी गेली. आत्या तेव्हा सतरा वर्षांची. "उघडलं की वारं लागतं," ती म्हणायची. "वारं लागलं की ते उधळतं. झाकलेलं आहे तोवर गप आहे." दोन महिने तिनं कसला तरी काढा पिऊन काढले. मी सांगून दमले. शेवटी मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दुर्बिणीनं आतड्याचं ऑपरेशन करतात असं कळलं, तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "तसं असेल तर चल."

तिथं ओपीडीत मला वेगळंच कळलं. आत्या वजन करायला गेली होती तेव्हा डॉक्टर उपळेकरांनी सांगितलं की आतड्याची दुर्बिणीची ऑपरेशनं ते सध्या फक्त एका अभ्यासातल्या पेशंटवर करतात. अभ्यासात यायचं नसेल तर नेहमीसारखं पोट उघडून. अभ्यासात आलात तर बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार, निम्म्यांचं असं, निम्म्यांचं तसं.

ह्यांना फोन केला. हे तेव्हा सैन्यात, जम्मूकडं. रजेचा अर्ज वर गेलेला. "तू आहेस ना तिथं," हे म्हणाले. "तू शिकलेली आहेस, पद्मा. तुला योग्य वाटेल ते कर." माझे वडील हयात नव्हते, सासरेही नव्हते. आई म्हणाली, मला त्यातलं काय कळतंय. सगळ्यांनी मिळून मला एका खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

आत्या वजन करून आली. "काय म्हणाले?"

"करतात," मी म्हणाले. "दुर्बिणीनं करतात."

खोटं नव्हतं ते. पुरतं खरंही नव्हतं.

आता फॉर्ममधली पहिली दोन पानं नीट पार पडली. आत्या मधेच थांबवून विचारत होती.

"रोगप्रतिकारक शक्ती मोजणार म्हणजे काय करणार?"

"रक्तातले शिपाई मोजणार. मोठं ऑपरेशन झालं की शरीराला धक्का बसतो, मग हे शिपाई थोडे दिवस दमतात. कोणत्या पद्धतीनं किती दमतात, कधी परत उठतात, ते बघणार. म्हणून चार वेळा रक्त घेणार. एकदा आधी, मग दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या दिवशी, मग महिन्यानं."

"शिपाई दमले तर रोगाला रान मोकळं."

"तसं नक्की नाही, आत्या. तेच तर त्यांना शोधायचंय."

"ह्यात शोधायचं काय? घराची भिंत पाडलीस तर राखणदार जास्त दमणार, का खिडकीतनं काम केलंस तर?" ती समाधानानं उशीला टेकली. "बरं झालं बाई, आपलं खिडकीतनं आहे. वाच पुढं."

मी तिसरं पान उलटलं. वरून दुसरा परिच्छेद. तो मला अजून तोंडपाठ आहे.

'आपली शस्त्रक्रिया पोट उघडून होईल की दुर्बिणीद्वारे, हे आपण, आपले नातेवाईक अथवा शल्यचिकित्सक ठरवू शकणार नाहीत. ते बंद पाकिटातील चिठ्ठीनुसार ठरेल. दोन्हींची शक्यता समान आहे. कोणती शस्त्रक्रिया झाली हे चौथ्या दिवशी पट्टी काढेपर्यंत आपल्याला सांगण्यात येणार नाही.'

मी पहिला परिच्छेद वाचला आणि थेट तिसऱ्यावर गेले. आवाज कुठंही अडखळला नाही. दुसऱ्याची जागा भरून निघावी म्हणून तिसरा मी जरा जास्तच सावकाश वाचला.

आत्यानं मोठ्या अक्षरात सही केली, अनुसया, आणि ण आहे का न, हे मला विचारलं. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.

डॉक्टर नाझनीन परत आल्या. "सगळं कळलं ना, आजी?"

"कळलं. माझी सून सांगते छान."

*

मंगळवारी सकाळी ऑपरेशन. सिस्टर बांगड्या काढायला आली तर आत्यानं तिला हात लावू दिला नाही. साबणाचा फेस करून तिनं सासरे गेल्यावरही न काढलेल्या आपल्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, एकही पिचू न देता, आणि रुमालात बांधून माझ्याकडं दिल्या. राउंडला आलेल्या डॉक्टर उपळेकरांना तिनं अडवलं.

"डॉक्टर, गाठ लिंबाएवढी म्हणता. दुर्बिणीचं भोक बोटाएवढं. मग बाहेर कुठनं काढणार?"

उपळेकर हसले. "अगदी बरोबर विचारलंत. दुर्बिणीनं केलं तरी गाठ बाहेर काढायला शेवटी चार बोटांचा छेद घ्यावाच लागतो."

"तेच म्हणते. लहान बांगडी मोठ्या हातातनं उतरत नाही, थोडं दाबावं लागतंच."

'दुर्बिणीनं केलं तरी' हे त्यांचे शब्द आत्यानं ऐकले नाहीत. मी ऐकले.

दुपारी तिला बाहेर आणलं तेव्हा पोटावर बरगड्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत एकच मोठी पांढरी पट्टी होती, चारी बाजूंनी चिकटवलेली. अभ्यासातल्या प्रत्येकाला तशीच पट्टी. आत तीन भोकं असोत नाहीतर वीतभर चीर, चार दिवस वरून काही कळायला नको. सिस्टरला नको, रक्त घेणाऱ्या नाझनीन डॉक्टरांना नको, पेशंटला तर नकोच. पाकीट फोडताना आत होते तेवढेच जाणत होते.

"एवढी मोठी पट्टी?" शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं.

"जंतू लागू नयेत म्हणून."

खोट्याला खोटं जोडत जाताना काही वेगळं लागत नाही, हे मी तेव्हा शिकले. तोच आवाज, तोच चेहरा.

माझी ईश्वरी तेव्हा सात महिन्यांची. वॉर्डात लहान मूल चालत नव्हतं, आणि तिला सर्दी झालेली. रस्त्यापलीकडच्या धर्मशाळेत आई तिला घेऊन बसलेली. ईश्वरी बाटली तोंडात धरायची नाही. त्यामुळं दर तीन तासांनी मी जिना उतरून, रस्ता ओलांडून, पाजून, हात कोपरापर्यंत धुऊन, ओढणी बदलून परत वर. तिकडं गेले की इकडं काय झालं असेल आणि इकडं आले की ती रडत असेल. कधी कधी दोन्हीकडं उशीर व्हायचा, आणि रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर उभी असताना कुर्ता पुढून ओला झालेला असायचा. तिची सर्दी माझ्या हातावरून आत्यापर्यंत गेली तर? आत्याचे शिपाई आधीच दमलेले. मग मी परत हात धुवायची. बोटांची कातडी निघाली होती.

त्या तीन दिवसांत मी डोळे फाडून एकच गोष्ट शोधत होते. पट्टीखाली काय आहे? ती खोकताना हात कुठं धरते? कूस बदलताना किती कण्हते? ताप किती? बुधवारी संध्याकाळी एकशे एक. माझ्या कॉलेजच्या ज्ञानाप्रमाणं जखम मोठी तर आतली आग मोठी, आग मोठी तर रक्तातला सी.आर.पी.चा आकडा मोठा. गुरुवारी डॉक्टर नाझनीन टेबलावर वही उघडी ठेवून फोनवर बोलत होत्या. मी उलट्या बाजूनं वाचलं. अनुसया. एकशे अठ्ठेचाळीस.

मी तो आकडा परत एकदा वाचला.

"वाचलंत?" फोन ठेवून त्यांनी वही मिटली. रागावल्या नाहीत, तेच वाईट.

"डॉक्टर, एवढा म्हणजे उघडून केलेलं असणार ना?"

"मला माहीत नाही. माहीत असायलाच नको मला."

"पण अंदाज..."

"एका माणसाच्या आकड्यावरून अंदाज करता आला असता तर आम्ही शंभर माणसांचं रक्त कशाला घेतलं असतं? दुर्बिणीवाल्यांचाही इतका जातो कधी कधी." मग त्या जरा मऊ झाल्या. "आणि उघडून केलेलं असलं तरी काय? वारंबिरं लागून काही पसरत नाही. शिपाई कमी-जास्त दमतात का, आणि दमले तर पुढं त्यानं काही बिघडतं का, हे बघतोय आम्ही. गाठ तर दोन्हीकडं तेवढीच निघते. आजींनी फॉर्म ऐकलाय ना नीट? मग त्या तुमच्यापेक्षा शांत आहेत त्यात नवल नाही."

मी मान हलवली. तेव्हा सांगता आलं असतं.

आत्या खरंच शांत होती. दुसऱ्याच दिवशी ती सलाईनचा स्टँड धरून उभी राहिली. गुरुवारी वॉर्डच्या टोकापर्यंत चालून आली. सिस्टर तोंडात बोटं घालायच्या. "माझं दुर्बिणीचं आहे ना," आत्या येईल त्याला सांगायची. "पोटाला हात लावलेला नाही कुणी." मी तिच्या कोपराला धरून चालायची आणि पट्टीच्या कडेकडं बघायची.

*

शुक्रवारी सकाळी शेजारच्या पलंगावर मालनबाई आल्या. जतकडच्या. पन्नाशीच्या, काटक, घाबरलेल्या. त्यांचंही आतड्याचंच, त्याही अभ्यासात. ऑपरेशन शनिवारी. नवरा त्यांना सोडून बैलांची सोय करायला गावी गेलेला. आत्यानं तासाभरात त्यांच्याकडून सगळी हकिकत काढून घेतली आणि त्यांच्या रिकाम्या हाताचं माप डोळ्यांनी घेऊन ठेवलं.

दुपारी डॉक्टर नाझनीन त्यांना फॉर्म वाचून दाखवून गेल्या. त्या गेल्यावर मालनबाई कागद हातात धरून बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "आक्का, डाक्टरीणबाईनं वाचलं खरं. पर त्यांचं बोलणं भारी. माज्या डोस्क्यात काय शिरलं न्हाई. सांजच्याला सही पायजे म्हणल्यात."

"त्यात काय," आत्या म्हणाली. "आमची पद्मा वाचून दाखवेल. माझा फॉर्म तिनंच वाचला होता. असं समजावून सांगते की डॉक्टरणीलाही जमणार नाही. पद्मे, वाच गं."

कागद माझ्यासमोर आला.

"मला जायला हवं. ईश्वरीची वेळ झाली." ते खरं होतं. आईचे दोन मिस्ड कॉल होते.

"जा की. आधी पोरीला पाज. बाई कुठं पळून जात नाही." आणि मालनबाईंना, "येईल आता. तोवर तुम्ही चहा घ्या."

धर्मशाळेच्या खोलीत मी भिंतीला टेकून ईश्वरीला पाजलं आणि आईला सगळं सांगितलं. आई दुपटी घडी करत होती. ती थांबली.

"वन्संना फसवलंस?"

"फसवलं नाही. एक परिच्छेद."

आईनं पुढचं दुपटं उचललं. मग खाली बघूनच म्हणाली, "उद्या सकाळी पट्टी निघणार ना? मग आजचा दिवस काढ. निम्मं निम्मं म्हणतेस ना? दुर्बिणीचंच निघालं तर कुणाला काय कळतंय? तेवढा परिच्छेद आजही गाळ."

"त्या बाईला?"

"तिला डॉक्टरणीनं एकदा वाचलाय की."

आईचं बरोबर होतं. मालनबाईंना तो परिच्छेद कायद्यानं ऐकवला गेला होता. मी गाळला तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. ईश्वरीनं दूध सोडलं आणि नाक चोंदल्यामुळं तोंडानं श्वास घेत माझ्याकडं बघत राहिली. मी तिला आईकडं दिलं. रस्ता ओलांडला. कोपरापर्यंत हात धुतले. जिना चढताना ठरलेलं होतं, गाळायचं.

मी स्टूल दोन्ही पलंगांच्या मधे ठेवलं. एका बाजूला मालनबाई मांडी घालून बसलेल्या, दुसऱ्या बाजूला आत्या डोळे मिटून पडलेली, तोंडावर हसू. सुनेचं कौतुक ऐकायला बसतात तशी.

पहिलं पान. दुसरं. मालनबाई प्रत्येक वाक्याला "हां" म्हणत होत्या, पोथी ऐकल्यासारख्या. शिपायांचं आलं तेव्हा आत्यानंच डोळे मिटून त्यांना सांगितलं. तिसरं पान उलटलं. पहिला परिच्छेद संपला. माझी नजर तिसऱ्यावर गेलीसुद्धा होती.

"ताई," मालनबाई म्हणाल्या, "येक इचारू? माजं ह्या आक्कांसारकं दुर्बिनीनंच व्हनार न्हवं? त्येवडं लिवलंय का बघा. त्येवडं लिवलं असंल तर मी सही करतो. बाकीचं न्हाई वाचलं तरी चालंल."

त्यांनी बोट कागदावर ठेवलं होतं. वाचता येत नव्हतं त्यांना. बोट कुठंतरीच होतं, खालच्या समासात. पण त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आत्या सोमवारी बघत होती तशाच.

मी परत दुसऱ्या परिच्छेदावर आले. "तेच आलंय," मी म्हणाले, आणि वाचलं.

"आपली शस्त्रक्रिया पोट उघडून होईल की दुर्बिणीद्वारे, हे आपण, आपले नातेवाईक अथवा शल्यचिकित्सक ठरवू शकणार नाहीत..."

माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. पूर्ण वाचला. पट्टीपर्यंत.

मालनबाईंचं बोट कागदावरच होतं. बोलली ती आत्या. डोळे मिटलेलेच.

"परत वाच."

मी परत वाचला.

"हे माझ्या कागदात होतं?"

"होतं."

"तू वाचलं नाहीस."

"नाही. अगं आत्या, तू आलीच नसतीस. रक्त सहावर..."

"चारचौघांत अहो म्हणावं," ती म्हणाली.

वळून भिंतीकडं तोंड करता येत नव्हतं तिला, पोट तसं करू देत नव्हतं. मग तिनं चादर हळूहळू वर ओढली, हनुवटीपर्यंत, नाकापर्यंत, आणि शेवटी पूर्ण. पट्टीवरून चादर सरकताना मी तिच्या हाताकडं बघत होते. बांगड्यांशिवाय तो हात कुणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता.

मालनबाईंनी कागद माझ्या मांडीवरून अलगद उचलला. "म्हंजी कवड्या टाकल्यागत हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. थोड्या वेळानं सिस्टरकडून शाई मागून त्यांनी अंगठा उठवला. "कळलं तरी," एवढंच म्हणाल्या.

*

शनिवारी सकाळी डॉक्टर नाझनीन पट्टी काढायला आल्या. आत्या उठून बसली होती, वेणी घालून.

"डॉक्टर, आधी एक काम. तो कागद आणा. तुम्ही वाचा. पहिल्यापासून."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्यांचा चेहरा उतरला. "आजी, चूक माझी आहे. मी वाचायला हवा होता. तुम्हाला अभ्यासातून बाहेर पडायचं असेल तर आत्ता पडता येईल. घेतलेलं रक्तसुद्धा टाकून देऊ. उपचारात काही फरक पडणार नाही."

"वाचा तर आधी."

त्या स्टुलावर बसून वाचत राहिल्या. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. रक्ताची ट्रॉली वाट बघत उभी होती. आत्या मधे एकदाही बोलली नाही. शेवटी तिनं पेन मागितलं आणि जुन्या सहीखाली तारीख घालून नवी सही केली. ण का न, हे विचारलं नाही.

"महिन्यानं रक्त द्यायला येईन मी," ती म्हणाली. "तुमचे शिपाई अर्धे मोजून ठेवलेत, ते वाया कशाला. आता पट्टी काढा." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हिला बाहेर थांबू दे."

सिस्टरनं पडदा ओढला. मी पडद्याच्या अलीकडं उभी राहिले. चिकटपट्टी सुटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, चारदा. मग काहीच नाही.

"बघा आजी," डॉक्टर म्हणाल्या.

"हं," आत्या म्हणाली.

त्यापलीकडं मला काही ऐकू आलं नाही.

रविवारी हे आले. डिस्चार्जचे कागद ह्यांच्या हातात दिले गेले आणि ह्यांच्या हातातून आत्याच्या. आत्यानं ते घरी जाऊन बांगड्यांच्या एका रिकाम्या पेटीत ठेवले. मी विचारलं तर हे म्हणाले, "आईनं सांगू नको म्हटलंय. तुमचं काय ते तुम्ही बघा." पेटीला कुलूप नव्हतं. दुपारी दुकानात आत्या असायची आणि घरात मी एकटी असायची. पाच वर्षांत मी ती पेटी उघडली नाही. चोरून बघण्याची सवय असलेल्या मला एवढी एकच गोष्ट करता आली.

ती माझ्याशी वाईट वागली नाही. ईश्वरीला तिनंच वाढवलं म्हणायचं. पण नवीन चष्मा करून आणला आणि लाइटचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो, औषधाची चिठ्ठी असो, ती बोट ठेवून, ओठ हलवत, स्वतः वाचायची. अडलं तर शेजारच्या पोस्टमन काकांकडं जायची. मला कधी वाचायला सांगितलं नाही. सणाला माझे हात भरायची, पण मुकाट्यानं. बाहेरच्या बायकांना गोष्टी चालायच्या. माझी पाळी आली की फक्त बांगड्यांचा आवाज. घरातसुद्धा मी तिला अहो म्हणायला लागले होते.

पाचव्या वर्षीच्या तपासणीचा रिपोर्ट टपालानं आला तेव्हा दुपार होती. हे परत ड्युटीवर गेले होते. आत्या दुकानात गादीवर बसली होती, चष्मा नाकावर. पाकीट उघडून तिनं कागद जवळ नेला, लांब नेला.

"इंग्रजी आहे," ती म्हणाली.

"पोस्टमन काकांना..."

"ते गावाला गेलेत." कागद माझ्याकडं आला. "वाच. मराठीत सांग." मग एक बोट वर करून म्हणाली, "मधलं गाळू नकोस."

मी नाव वाचलं. वय सहासष्ट. तारीख वाचली. कुठल्या मशीनवर तपासणी झाली ते वाचलं. त्याखालची ओळ पूर्वीच्या शस्त्रक्रियेची होती. डोळ्यांनी ती तोंडाच्या आधी वाचून टाकली.

"थांबलीस का?"

"पूर्वीची शस्त्रक्रिया. मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढलेला. पाच वर्षांपूर्वी."

"कसा काढलेला?"

"पोट उघडून."

"लिहिलंय ना तसं?"

"लिहिलंय."

"हं. पुढं."

पुढं यकृत होतं, ते स्वच्छ. फुप्फुसं स्वच्छ. आतडं जोडलेली जागा व्यवस्थित. रोग परत आल्याचं कोणतंही चिन्ह नाही. हे मी दोनदा वाचलं, तिनं न सांगता. खाली डॉक्टरची सही होती, तीही वाचली. सहीखालचा फोन नंबर आकडा आकडा करून वाचला. कागदावर आता काहीच उरलं नव्हतं.

आत्यानं कागद घेतला, घडी केली, गल्ल्यात टाकला. मग मागच्या फळीवरून हिरव्या काचेचा एक नवा गठ्ठा ओढला आणि दोरी सोडली.

"आण हात."

"अगं आत्या, सण कुठं आहे आज?"

तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझा अंगठा आत दुमडला, हाडांवर दाब दिला.

"मालनचा फोन आला होता परवा," ती म्हणाली. "बैल विकले म्हणे तिच्या नवऱ्यानं, आणि काय घेतलं असेल सांग बघू?" पहिली बांगडी बोटांच्या पेरांवर येऊन अडली. मी हात आवळून धरला होता. तिनं मान वर न करता माझ्या मनगटावर हलकेच चापट मारली.

"हात सैल सोड, पद्मे. घट्ट धरलास की पिचते."